आजोबांची आंघोळ

घरचं बंदर यायला आठ दिवस उरले होते आणि माझ्या पेटीत, फ्लॅनेलच्या दोन पदरांत गुंडाळलेलं, बाबांनी केलेलं अर्ध्या किलोचं वजन होतं. ते कमी भरत होतं. ही गोष्ट मला चार वर्षं माहीत होती, बाबांना नव्हती.

बाबा पितळी वजनं बनवतात. दुकानातल्या काचेच्या कपाटात एक मूळ वजन आहे, माझ्या आजोबांनी सरकारी शिक्क्यासह आणलेलं. बाकी सगळी वजनं त्याच्यावरून करायची. घरात त्या वजनाचं नावच आजोबा. दुकान उघडलं की बाबा आधी बारीक राख आणि मऊ फडकं घेऊन आजोबांना चकचकीत करणार, मगच बाकीची कामं. आई माडीवरून ओरडून विचारायची, "आजोबांची आंघोळ झाली का? चहा पाठवू?"

मी मापनशास्त्र शिकायला निघाले तेव्हा बाबांनी आजोबांवरून एक नवं वजन करून दिलं. "तिकडच्या मोठ्या तराजूवर घाल आणि काय भरतं ते कळव."

दुसऱ्या महिन्यात घातलं. सहाशे दहा मिलिग्रॅम कमी. आपला हात नवखा म्हणून पुन्हा तोललं, मग पारडी बदलून तोललं. आकडा हलेना. भाजीवाल्याला एवढी तूट कळणारही नाही, पण बाबांचा हात इतका चुकत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि घोडं तिथेच अडलं. हात चुकत नसेल तर हे मुद्दाम केलेलं. हलकी वजनं मागणारे दुकानदार काही कमी नसतात. मुद्दाम केलं असतं तर मला तोलायला कशाला दिलं असतं, हा साधा प्रश्न मला पडला होता. पण शंका एकदा मनात शिरली की प्रश्नांना भीक घालत नाही. मी पत्रात लिहिलं, "बाबा, अगदी बरोबर भरलं."

त्या ओळीने पुढे काय केलं ते दादाच्या पत्रांतून कळत गेलं. बाबांनी पत्र चौकटीत बसवून दुकानात लावलं. ते वाचून सरकारी दवाखान्याने औषधांच्या वजनांचे बारा संच मागवले. "बाबा हल्ली जमिनीला पाय लावत नाहीत," असं दादाने लिहिलं होतं.

केबिनमध्ये माझ्यासोबत एक निवृत्त परिचारिका होती. सगळं जहाज तिला मेट्रनबाई म्हणायचं. मी तिला सगळं सांगून टाकलं.

"हजारात सव्वा भाग?" ती विणता विणता म्हणाली. "अगं, औषध पाजताना याहून जास्त पेशंटच्या हनुवटीवर सांडतं."

"पुढच्या महिन्यात मी वजनमापं खात्यात रुजू होतेय. तिथे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धड तराजू आलाय. पहिली तपासणी मूळ वजनांची."

सुया थांबल्या. "म्हणजे बापाच्या दुकानावर लेकीचीच धाड! बरं झालं बाई, मला मूलबाळ नाही."

दोन दिवसांनी डेकवर जाताना जिन्यापाशी एक म्हातारा खलाशी पितळी पाटी घासताना दिसला. पाटीवर अक्षरांच्या जागी नुसते उथळ चर उरले होते.

"काय लिहिलंय हो यावर?"

"जहाजाचं नाव होतं म्हणतात. मी कामाला लागलो तेव्हा अर्धं तरी वाचता यायचं."

"मग घासता कशाला?"

"घ्या! चकाकी नको का?"

मी तिथेच पायरीवर बसले आणि वहीच्या पाठीमागे हिशेब मांडला. वजनाचा पृष्ठभाग, पितळेची घनता, बाबांच्या राख-फडक्याच्या तीस वर्षांच्या सकाळी. रोज एक मिलिग्रॅमचा सोळावा भाग. झिजलेला थर सगळा मिळून केसाच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. आजोबाच झिजले होते, आणि त्यांच्यावरून केलेलं प्रत्येक वजन तेवढंच हलकं उतरत होतं.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. बाबा लबाड नव्हते, म्हणजे या सगळ्यात लबाड एकटी मीच उरले.

"आता तर बोलूच नकोस," मेट्रनबाई म्हणाली. "गुपचूप नवं मूळ वजन आणायला लाव. कुणाचा दोष आहे यात?"

"माझा. आकडा चार वर्षं माझ्याकडे होता."

धक्क्यावर बाबा आणि दादा उभे होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दादाने पेटी उचलली आणि म्हणाला, "वाळलीस गं. किती किलोची तूट?"

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "माझं वजन कुठंय?"

मी फ्लॅनेल सोडून वजन त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी सवयीने खिशातून रुमाल काढला.

"बाबा, पुसू नका."

"का गं?"

मी सांगितलं. तिथेच, हमालांच्या धक्क्यांत. आकडा सांगितला, पाटी सांगितली. पत्रात खोटं लिहिलं, आणि का लिहिलं, तेही सांगितलं. दादा म्हणाला, "अगं, घरी तरी पोहोचू दे त्यांना." बाबांनी त्याला हाताने गप्प केलं.

"म्हणजे तुला वाटलं, मी मुद्दाम..."

"हो."

त्यांनी रुमाल परत खिशात घातला. मग म्हणाले, "बारा संच गेलेत दवाखान्यात. तुझं पत्र दाखवून."

"मी येते उद्या दुकानात. आपण सगळे मिळून—"

"उद्या नको." त्यांनी वजन फ्लॅनेलमध्ये गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. "रुजू झालीस की ये. खात्याचा कागद घेऊन ये, शिक्का घेऊन ये. तोवर आजोबांना कुणी हात लावणार नाही, आणि दुकानातून एक वजन बाहेर जाणार नाही."

"आणि दवाखान्याला काय सांगायचं?" दादाने विचारलं.

"ते मी आत्ताच जाऊन सांगतो. तू हिला घरी ने. आई वाट बघतेय."

ते गर्दीतून एकटेच पुढे निघाले. हातात आता काहीच नव्हतं, तरी त्यांचा अंगठा बोटांवरून फिरत होता, फडकं धरल्यासारखा.