पाचपेक्षा कमी

ताईच्या धाकट्या भावाला हॉस्पिटलच्या ऑफिसात सगळे खोडरबर म्हणत. संशोधनासाठी जमवलेली माहिती जगापुढे ठेवायच्या आधी तिच्यातली माणसं पुसून काढायची, हे त्याचं काम. नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचा फोन नंबर, सगळं जायचं. उरायचं ते वजन, रक्त, चाल. "मी इतकं सफाईनं पुसतो की माझीच माहिती समोर टाकली तर मला ओळखू येणार नाही," असं तो जेवणाच्या सुट्टीत सांगायचा आणि डबे उघडत मंडळी हसायची.

ताई मात्र भेटली की एकच विचारायची. "कामी आलं का रे ते?"

कामी यायचं होतं ते तिच्या मुलाचं चालणं. घरात त्याला नाकतोड्या म्हणत, कारण तो कधी सरळ चाललाच नाही, उड्याच मारायचा. स्नायू झिजत जाण्याचा आजार, त्यातही फार कमी मुलांना होणारा प्रकार. हॉस्पिटलने अशा मुलांसाठी एक अभ्यास सुरू केला होता. तळव्यात सेन्सर बसवलेले बूट घालून मुलांनी कॉरिडॉरमधून चालायचं आणि प्रत्येक पावलाचा दाब नोंदला जायचा. डॉक्टरांना त्यातून आजार कळायचा, इंजिनिअरांना पायाचे आधार बनवता यायचे, आणि शोधनिबंध छापून आला की साऱ्या नोंदी जगातल्या कुणालाही खुल्या व्हायच्या. "कुठल्या तरी देशात कुणी तरी यावरून एखाद्या मुलाला उभं करेल," असं सही घेताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. भाऊजींनी निमूट सही केली. ताईने ते वाक्य पदरात बांधून ठेवलं. गेल्या वर्षी मुलगा गेला. त्याचे कपडे तिने देऊन टाकले, सायकलही दिली. वाक्य तेवढं सोडलं नाही.

शेवटी ते काम खोडरबरच्याच टेबलावर आलं. डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या.

"यात तुझा भाचा आहे. नको असेल तर दुसऱ्याकडे देते."

"नको. दुसरा कुणी त्याला पुसणार, ते मला बघवायचं नाही."

पुसण्याचा एक नियम होता आणि तो त्याने आजवर कित्येकांना समजावला होता. एकाच वयाची, एकाच आजाराची मुलं पाचपेक्षा कमी असतील, तर ओळखीचा कुणीही नेमकं बोट ठेवू शकतो. म्हणून असा लहान गट मोठ्या गटात मिसळायचा, नाही तर काढून टाकायचा. नाकतोड्याच्या प्रकारात एकच मूल होतं.

बूट जिने बनवले होते ती इंजिनिअर शेजारी खुर्ची ओढून बसली. तिला सगळे बूटवाली म्हणत.

"'इतर'मध्ये टाकू याला," ती म्हणाली. "तिथे बरीच आहेत, खपून जाईल. पण ही चाल बघ. मध्येच दोन्ही पाय हवेत. पहिल्या तपासणीत तेच, दुसरीतही तेच. कुठेही ठेवला तरी हा एकटा उठून दिसतो. बूट सैल झाला असणार. खराब नोंद म्हणून काढून टाकू का?"

"बूट सैल नव्हता."

"मग?"

"तुमच्या त्या कॉरिडॉरमध्ये पांढऱ्या फरश्यांत मधूनमधून काळ्या आहेत ना? काळी फरशी म्हणजे पाणी. त्यात पाय द्यायचा नसतो."

बूटवाली पडद्याकडे बघत राहिली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगून काय, पूल बांधला असतास?"

ती हसली, आणि लगेच तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. थोड्या वेळाने तिनेच तिसरी तपासणी उघडली. त्यात उडी नव्हती. पावलामागून पाऊल, सरळ, शेवटपर्यंत. संगणकाने त्या नोंदीला 'स्वच्छ' असा शेरा दिला होता.

"ही ठेवता येईल," बूटवाली हळूच म्हणाली. "ही कुणाचीही वाटेल."

त्या तिसऱ्या तपासणीच्या दिवशी भाऊजींची ड्यूटी होती म्हणून ताईसोबत खोडरबरच गेला होता. मुलाने पहिल्या काळ्या फरशीवर पाय ठेवला, थांबला आणि मागे वळून म्हणाला, "मामा, आज पाणी आटलंय." एवढं सांगून तो पुढे चालत गेला. ताई तेव्हा कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. तिला ते ऐकू गेलं नव्हतं आणि त्यानेही तिला कधी सांगितलं नव्हतं.

हा निर्णय त्याला एकट्याने घ्यायचा नव्हता. रविवारी तो ताईकडे गेला. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. त्याने नियम सांगितला, पहिल्या दोन तपासण्या ठेवता येत नाहीत हे सांगितलं. काळी फरशी सांगायची गरजच नव्हती, तिला ती पाठ होती.

"म्हणजे उड्या मारणारा नको, दमलेला हवा," ती म्हणाली. "छान आहे तुमचं संशोधन."

"नको असं नाही ताई. तो ओळखू येतो."

"येऊ दे की. काय चोरी केलीय त्यानं?"

"मला नकोय." आतल्या खोलीतून भाऊजी बोलले. मुलाचा विषय निघाला की ते उठून जात, आज मात्र तिथेच बसून होते. "कुणीतरी बघून म्हणायचं, अरे, हा त्यांचा तो. नको."

ताईने पातेलं ओट्यावर पालथं घातलं.

"आणि तो शेवटचाही नको म्हटलं तर?"

"तर तो कुठेच नसेल."

"शेवटच्यावरून होईल का काही? कुणाचा तरी पाय उभा राहील?"

"शक्य आहे."

"शक्य आहे नको. हो म्हण."

"हो."

"मग टाक."

त्याने टाकलं. दोन तपासण्या काढल्या, तिसरी 'इतर'मध्ये मिसळली, वयाच्या जागी वयोगट घातला. सगळ्या मुलांचा क्रम पिसून टाकला. कुठला नंबर कुणाचा हे सांगणारी यादी नियमाप्रमाणे कायमची नष्ट केली. निबंध छापून आला आणि नोंदी खुल्या झाल्या. त्या सकाळी कामाला लागण्याआधी त्याने सगळ्या नोंदी एकदा उघडून पाहिल्या. 'इतर'मध्ये सारख्याच वयोगटाची, सारखीच सरळ चालणारी सात मुलं होती. त्यातला आपला कोण, हे त्याला सांगता येईना. तो पुन्हा पहिल्यापासून बघू लागला, आणि मग त्याने पडद्यावरची खिडकी बंद केली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "मोबाइलवर उघडत नाहीये. लॅपटॉप घेऊन ये."

जेवणाच्या टेबलावर त्याने तिला उघडून दिलं. एकेका मुलाची एकेक ओळ, आणि त्या ओळीवर दाबलं की पावलांची रेघ.

"यातला कुठला?"

"ते आता मलाही कळत नाही, ताई. खरंच सांगतो."

"तुला नसेल कळत."

तिने चष्मा लावला. ती एकेक रेघ उघडून बघू लागली, कपड्यांच्या दुकानात सूत चाचपावं तशी, घाई न करता. तो शेजारी बसून राहिला. पुष्कळ मुलं मागे गेल्यावर ती एका रेघेपाशी थांबली.

"हा."

"ताई..."

"हा बघ ना. टाच टेकतच नाही. किती ओरडायचे मी, टाच टेक, टाच टेक. हाच तो."

या आजारात जवळजवळ कुणाचीच टाच टेकत नाही. त्याने डावीकडचा रकाना पाहिला. मुलगी. वयोगट अकरा ते पंधरा. तपासण्या सहा.

ताईचं लक्ष फक्त रेघेवर होतं. पुढे झुकून त्याने पान जरासं डावीकडे सरकवलं. रकाना पडद्याबाहेर गेला.

"हो," तो म्हणाला. "हाच."

ताईने चष्मा काढला, डोळे पुसले, परत लावला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून तिने हाक मारली, "अहो, जरा इकडे या. सापडला."

आत पलंग करकरला. भाऊजींची पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. खोडरबर उठला आणि त्याने त्यांच्यासाठी खुर्ची मोकळी केली.