चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे

साहेब, माझ्या दादाची नोकरी तुम्ही घालवलीत. हातात काठी नव्हती, कागद होता, एवढाच फरक.

इस्त्रीच्या दुकानावर एक खोली आहे. दर गुरुवारी दुपारी दोनला एक निवृत्त नर्सबाई तिथे सतरा खुर्च्या गोल मांडायच्या. कोणाची दारू सुटत नव्हती, कोणाला झोप येत नव्हती, कोणाला जगणंच नको झालं होतं. ती माणसं येऊन बोलायची. नियम एकच, नाव कुठेही लिहायचं नाही. दादा शाळेची बस चालवायचा. सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांमधला हा वेळ तो पूर्वी बाटलीला द्यायचा, तो या खोलीला द्यायला लागला. अकरा महिने थेंब नाही. वहिनी म्हणायची, आता घरात कप फुटला तर हातातून निसटला म्हणूनच फुटतो.

मालकाने भाडं वाढवलं. बाईंची पेन्शन पुरेना, म्हणून तुमच्या कार्यालयाकडे व्यसनमुक्तीचा निधी मागितला. अर्ज मी भरला. मी आठवी शिकलेला वेल्डर, त्यामुळे तो तीनदा परत आला. 'किती व्यसनं रोखली?' असा एक रकाना होता. बाई म्हणाल्या, जो प्यायलाच नाही त्याला मोजू कसा? मग तुमचं पत्र आलं. पाहणी होईल, लाभार्थींचे फोटो काढले जातील, चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.

खरं बोलायची बाईंना खोड. त्यांनी आदल्याच गुरुवारी सगळ्यांना फोटोचं सांगून टाकलं. मी चिडलो, गप्प बसायचं होतं ना! त्या म्हणाल्या, मग नियम कशाला केला होता?

तुमच्या मॅडम आल्या तेव्हा सतराच्या सतरा खुर्च्या रिकाम्या. मला खिडकीतून सगळे दिसत होते. एक जण समोरच्या फुटपाथवर बंद दुकानाची पाटी पुन्हा पुन्हा वाचत होता. दोघं थांब्यावर उभे राहून येईल ती बस सोडत होते. दादा त्यांच्यामागे.

मॅडम वाईट नव्हत्या. जिना चढून धापा टाकत होत्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "एक तरी माणूस दाखवा हो. रिकाम्या खुर्च्यांवर मी काय लिहू?"

बाई खिडकीकडे बघेनात. मीही बघेना.

जिन्यावर पावलं वाजली. दादा आला, आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. मॅडमनाच अवघडल्यासारखं झालं. पाठमोरे बसा, म्हणाल्या. मग हातातल्या कागदावरची चेहऱ्याची अट वाचली आणि कॅमेरा काढला. दादाने खिशातून कंगवा काढून भांग पाडला.

"अकरा महिन्यांपूर्वी आला असतात तर हे तोंड सुजून फोटोत मावलं नसतं. काढा आता."

महिन्याने दोन कागद आले. एक तुमचं पत्र: लाभार्थी एक, सबब निधी नामंजूर. दुसरं तुमचंच छापील पत्रक, त्यावर दादाचा हसरा चेहरा आणि खाली 'व्यसनावर मात'. निधी द्यायला तो एकटा कमी पडला, मिरवायला मात्र पुरला. पत्रक शाळेतही पोचलं. पिणारा ड्रायव्हर नको, म्हणाले. प्यायचा आणि पितो यातला फरक समजून घ्यायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

आता खोलीला कुलूप आहे. दादाने अजून बाटलीला हात लावलेला नाही. पण दुपार झाली की तो घरातल्या घरात फेऱ्या मारतो, आणि वहिनी कप फुटल्याच्या आवाजाला पुन्हा दचकायला लागली आहे.

येत्या गुरुवारी दोन वाजता माझ्या भावाने कुठे जाऊन बसायचं? लेखी उत्तर द्या, साहेब. खाली तुमचं नाव लिहा, आणि सोबत फोटोही जोडा. चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे.