मागच्या खुर्चीवर कोण?

साहेब, खुर्चीवरचा माणूस तुम्ही उठवलात, आणि वर्ग कोसळला तेव्हा बोट मात्र नव्या शिक्षिकेकडे दाखवलंत.

तुमचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. वरच्या कार्यालयातून तुमचा फक्त हुकूम येतो, आणि तो आला की शाळेतली माणसं इकडची तिकडे होतात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला खालची शेळी पाय मोडून पडली तरी दिसत नाही. पण तुमच्या एका हुकमाने माझ्यावरची जागा रिकामी झाली आणि एका चांगल्या शिक्षिकेची नोकरी आज टांगणीला लागली आहे. म्हणून मी बोलणार आहे. मित्रांनो, तुम्हीही ऐका. हा मामला तुमच्याच वर्गातला आहे.

मी एक जुनी खुर्ची आहे. संगणकाच्या वर्गात अगदी मागे, भिंतीला पाठ लावून उभी असते. अंगावरचं कापड विरलं आहे आणि एक चाक करकरतं. खरं दुखणं गादीखालच्या दांड्याचं आहे, तो दम धरत नाही. माणूस माझ्यावर ऐटीत बसतो आणि बोलता बोलता हळूहळू खाली जातो. त्याला वाटतं, समोरचं टेबलच उंच होत चाललंय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. नळ्या वाकवल्या, जोड पक्के केले, गादी ठोकली. शेवटी एका आडदांड कामगाराने माझ्यावर धप्पकन बसून तीन गिरक्या घेतल्या आणि म्हणाला, "ही टिकेल." बस्स, तेवढीच माझी परीक्षा. पुढे मी या शाळेच्या कार्यालयात आले. मोठमोठी माणसं माझ्यावर बसली, पाहुण्यांपुढे मला पुढे करण्यात आलं. मग दांड्याने दगा दिला. एके दिवशी बोलता बोलता मुख्याध्यापकांची हनुवटी टेबलाला लागली, आणि त्याच दुपारी माझी रवानगी संगणकाच्या खोलीत झाली.

तिथे मला आक्का भेटल्या.

आक्का म्हणजे संगणकाच्या जुन्या शिक्षिका. सगळी शाळा त्यांना आक्काच म्हणायची, मुख्याध्यापकसुद्धा. पहिल्यांदा बसल्या, खाली गेल्या आणि खो खो हसल्या. "बरी आहेस गं! तू माणसाला जमिनीवर आणतेस. तुला टाकायची नाही." त्या दिवसापासून माझी खरी नोकरी सुरू झाली.

शिकायला येणारे होतकरू शिक्षक आणि नुकते लागलेले शिक्षक आक्कांच्या हाताखाली यायचे. ते शिकवत असताना आक्का मागे माझ्यावर बसायच्या. मध्ये तोंड उघडायचं नाही हा त्यांचा नेम. एखादं मूल अडलेलं दिसलं की पायाने रेटा देऊन त्या मला हळूच त्याच्याकडे न्यायच्या, तेव्हा माझं चाक करकरायचं. फळ्यासमोरच्या नव्या शिक्षकाला तेवढं पुरे असायचं. आक्का आहेत. कोणीतरी मागे आहे. तास संपला की त्या दोनच गोष्टी सांगायच्या. एक, आज काय जमलं. दुसरी, उद्या काय बदलायचं. तिसरी सांगायच्या नाहीत. "सगळं एकदम सांगितलं की माणूस बुडतो," म्हणायच्या.

मी शाळेत नाव घालून शिकलेली नाही. मागे उभी राहून ऐकत ऐकत शिकले, आणि मागून जे दिसतं ते समोरून दिसत नाही.

यंदा वर्षाच्या सुरुवातीला धाकटी आली. ती मूळची चित्रकलेची शिक्षिका. चित्रकलेचे तास कमी झाले आणि संगणकाला माणूस मिळेना, म्हणून हुकूम निघाला: हिला टाका तिकडे. तिला धाकटी हे नाव आक्कांनीच दिलं. पहिल्या तासाला ती इतकी घाबरली होती की घरून तयार करून आणलेला कार्यक्रम, म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचना, तिने पडद्यावर लावला, कळ दाबली, तो चालला आणि ती म्हणाली, "आता हे सगळ्यांनी उतरवून घ्या." मुलांनी उतरवला. सगळ्यांचे चालले. वर्ग खूश, धाकटी खूश.

तास संपल्यावर आक्का म्हणाल्या, "आवाज छान आहे तुझा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हे जमलं. आता उद्याचं. कळ दाबायच्या आधी पोरांना विचारायचं, काय होईल? त्यांना बोलू दे. मग दाबायची."

"आणि ती चुकीचं बोलली तर?"

"बोलू दे की! चुकल्यावरच डोकं चालतं."

"आक्का, आणि मीच चुकले तर? त्यांच्यातली निम्मी माझ्यापेक्षा हुशार आहेत या यंत्रांत."

"मग म्हणायचं, मला माहीत नाही, चला बघू या. जीभ झडत नाही एवढ्याने."

धाकटीची जीभ हे बोलायला तयार नव्हती. पण ती शिकत होती. हळूहळू ती पडद्यासमोर स्वतः लिहू लागली, थांबून विचारू लागली. माझं चाक करकरलं की तिचे खांदे सैल व्हायचे, हे मी रोज पाहत होते.

आणि मग, साहेब, तुमचा तो हुकूम आला. तुमच्या हिशेबी आक्का मागे नुसत्या बसून असतात. अनुभवी शिक्षकाचे तास असे वाया घालवू नयेत. त्यांना पर्यवेक्षणाला लावा, बदलीच्या तासांना लावा, माहिती भरायला बसवा. नव्या शिक्षकांना सोडा मोकळं, पाण्यात पडलं की पोहता येतं.

पाण्यात पडलेली सगळीच पोहत नाहीत, साहेब. काही बुडतात. वर आलेलीच तेवढी तुम्ही पाहता.

आक्का गेल्या. माझ्यावर मोडक्या कीबोर्डांचा ढीग पडला. वाऱ्याने दार आपटायला लागलं की मला दाराला लावायचे. आणि धाकटी पुन्हा घरून तयार करून आणलेल्या कार्यक्रमांवर गेली. मागे कोणी नसलं की माणूस भिंत धरून चालतो.

एके दिवशी तिने उलटी मोजणी घेतली. यंत्राने दहापासून एक-एक कमी करत शून्यापर्यंत यायचं आणि मग 'पळा!' म्हणायचं. घरून आणलेलं पडद्यावर पुन्हा टंकताना तिची एक ओळ राहिली, अंक एकने कमी करण्याची. मुलांनी तेच उतरवलं. सगळ्यांनी एकदम कळ दाबली आणि सगळ्या पडद्यांवर दहा, दहा, दहा, दहा. थांबेचना.

"बाईंची सुई अडकली!" कोणीतरी ओरडलं. वर्ग फुटला. कोणी बाकावर चढलं, कोणी दहा दहा म्हणत ताल धरला. कार्यक्रम थांबवायला दोन कळा एकदम दाबायच्या असतात. तेवढंच. पण तिला ते कोणी दाखवलंच नव्हतं. ती गोरीमोरी झाली, भिंतीकडे धावली आणि तिने मुख्य बटण खाली ओढलं.

सगळं काळं झालं. कोपऱ्यातलं मोठं यंत्रही त्याच बटणावर होतं. सगळ्यात वरच्या इयत्तेतल्या मुलांचं वर्षभराचं काम त्याच्या पोटात होतं. ते धाडकन बंद पडलं आणि पुन्हा उठलं नाही. ते बटण ओढायचं नसतं, हे आक्कांना ठाऊक होतं. आक्का त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर माहिती भरत होत्या.

पालक आले. आरडाओरडा झाला. "शिकवता येत नाही तर कशाला ठेवता असल्यांना?" असं एका वडिलांनी धाकटीच्या तोंडावर विचारलं. ती अजून कायम झालेली नव्हती. वरून निरोप आला, तपासनीस येतील, तास पाहतील आणि हिला ठेवायचं की नाही ते ठरवतील. म्हणजे माझ्यावर पुन्हा कोणीतरी बसणार होतं. शिकवायला मात्र नव्हे.

तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापक येऊन गेले. माणूस वाईट नाही, पण भित्रा. "बाई, उद्या काहीतरी सुरक्षित घ्या. चित्र रंगवायला लावा पडद्यावर. तुमचा हातखंडाच आहे तो. काही अडकलं नाही म्हणजे झालं."

ते गेले आणि आक्का घाईघाईने आल्या. धाकटीने माझ्यावरचे कीबोर्ड उचलून खाली ठेवले, मला फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "बसा ना."

"बसायला वेळ नाही गं. थांबवायच्या कळा बघून घे आधी." त्यांनी उभ्या उभ्या दोन कळा दाखवल्या, तिच्याकडून परत परत दाबून घेतल्या. "उद्या मला पलीकडच्या इमारतीत टाकलंय. मुद्दाम की चुकून, देव जाणे."

"म्हणजे मी एकटीच."

आक्का तिच्या पाठीवर एक थाप मारून निघून गेल्या. धाकटी माझ्यावर बसली आणि हळूहळू खाली गेली. उठली नाही. तशीच खाली बसून रिकाम्या वर्गाकडे बघत राहिली. वर्ग मागून पाहण्याची तिची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आले. भारी बूट, हातात कागद. माझ्यावर बसले. मी जमेल तेवढी ताठ राहिले, खरंच सांगते. पण दांडा तो दांडा.

धाकटीने पडदा लावला. रंगवायचं चित्र नव्हतं. तिने मुलांसमोर स्वतःच्या हाताने तीच उलटी मोजणी लिहायला घेतली, तीच ओळ सोडून. माझ्या जुन्या सांध्यांतून कळ गेली.

"त्या दिवशी काय झालं ते आठवतंय?" ती म्हणाली. "आता मी कळ दाबणार नाही. आधी सांगा, काय होईल?"

"दहा दहा दहा!" सगळे ओरडले.

"का?"

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे 'का बरं' म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. ती उठली. "कमी करायला सांगितलंच नाही ना त्याला. तो बिचारा काय करणार?" वर्ग हसला, पण या वेळी धाकटीला नाही. तिने ओळ घातली, कळ दाबली. दहा, नऊ, आठ, करत करत शून्य, पळा! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, सुटली.

तेवढ्यात ती 'का बरं' पुन्हा उठली. "बाई, का बरं एक-एकच कमी करायचं? तीन-तीन करू या. लवकर पळता येईल."

ते धाकटीच्या तयारीत नव्हतं. तिने क्षणभर तपासनिसांकडे पाहिलं. नको म्हणता आलं असतं. तिने एकाच्या जागी तीन लिहिलं आणि विचारलं, "काय होईल?"

"संपेल लवकर!" सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं. तिलाही तसंच वाटत होतं.

कळ दाबली. दहा, सात, चार, एक. आणि पुढे उणे दोन, उणे पाच, उणे आठ. अंक पडद्यावरून खाली पळत सुटले, थांबेनात. मागच्या बाकावरून आवाज आला, "अडकली रे पुन्हा!"

धाकटीची मान भिंतीकडे वळली. हात त्या मुख्य बटणाकडे निघाला. मित्रांनो, मला हात असते तर मी तो धरला असता.

तपासनीस माझ्यावर फारच खाली गेले होते. ते अवघडून जरा सरकले, आणि माझं चाक करकरलं.

तिचा हात हवेतच थांबला. खांदे खाली आले. ती वळली, दोन कळा दाबल्या, अंक थांबले. मग तिने वर्गाकडे तोंड केलं आणि आक्कांनी शिकवलेलं ते वाक्य पहिल्यांदाच तिच्या तोंडून बाहेर पडलं. "हे असं का झालं, मला आत्ता माहीत नाही. चला, बघू या."

तपासनीस माझ्यातून धडपडत उठले आणि बाहेर उभ्या मुख्याध्यापकांकडे गेले. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, तिलाही.

"पुरे झालं मला. बाईंनी मुलांसमोर कबूल केलं की विषय येत नाही. आणि पडदा पुन्हा अडकला."

"अहो साहेब, पण..." मुख्याध्यापक पुटपुटले.

"पण काय? शिक्षकालाच माहीत नाही, तर मुलांना काय कळणार?"

आणि त्याच वेळी आत 'का बरं' बोटांवर मोजत होती, तिच्याभोवती चारदोन डोकी गोळा झाली होती. "दहा, सात, चार, एक... अय्या! बाई, शून्य आलंच नाही! त्याने एकावरून उडीच मारली! आपण त्याला शून्यावर थांब म्हटलंय, आणि शून्य त्याच्या वाटेतच नाही!"

"मग काय सांगायला हवं त्याला?" धाकटीने विचारलं. डोळ्यांत पाणी होतं, पण विचारलं.

"शून्य किंवा शून्याच्या खाली गेलास की थांब!" आधी मागच्या बाकावरून 'अडकली' म्हणून जो ओरडला होता, त्यानेच सांगितलं.

पर्यवेक्षण उरकून आक्का धापा टाकत दारात पोचल्या त्या याच वेळी. त्यांनी पडदा पाहिला, पोरं पाहिली, एका नजरेत ओळखलं. "साहेब, फक्त आत या. पडद्याकडे बघू नका, पोरांकडे बघा."

"अजून दोन शाळा करायच्या आहेत मला," तपासनीस म्हणाले. "माझं मत झालं आहे. निर्णय वरून येईल." बूट जिना उतरून गेले.

तास संपला. आक्का येऊन माझ्यावर बसल्या, खाली गेल्या, हसल्या नाहीत. "आज जे जमलं ते मला इतक्या वर्षांत मोजक्याच लोकांत दिसलं," त्या म्हणाल्या. धाकटीने विचारलं, "आणि उद्या काय बदलायचं?" आक्का उठल्या. त्यांना पुन्हा त्या इमारतीत जायचं होतं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुनी वस्तू म्हणते, मला जपा, मला पुसा, माझ्या चाकाला तेल घाला. मला तेल नको. ते करकरू द्या. मला माणूस हवा आहे.

साहेब, तुमचा निर्णय अजून आलेला नाही. धाकटी रोज येते, मला मागे भिंतीपाशी नीट लावते आणि माझ्यावर काही ठेवू देत नाही. काल 'का बरं'ने तिला विचारलं, "बाई, इथे कोण बसतं?" तो प्रश्न धाकटीला नव्हेच, तुम्हाला आहे. सोमवारी पहिल्या तासाला ती पुन्हा उभी राहील, राहू दिलीत तर. तिला काढलंत तर तिच्या जागी दुसरी कोणी अशीच उभी राहील, अशीच घाबरलेली. तेव्हा मागे माझ्यावर कोण बसणार आहे?

उत्तर द्या.