सतरंजी रोह्याला गेली तेव्हा

मित्रांनो, माझ्यावर तुम्ही बसला नसाल, पण तुमच्या आईबाबांपैकी कोणीतरी नक्की बसलं असेल. मी पेणच्या एका वाचनालयाची जुनी सतरंजी. अंगावर निळे-तांबडे पट्टे, एका कोपऱ्यात दोऱ्याने शिवलेलं वाचनालयाचं नाव आणि मधोमध चहाचा एक डाग. तो डाग कोणी पाडला ते मी सांगणार नाही. ते गृहस्थ आता मोठे वकील झाले आहेत.

माझा जन्म तुरुंगात झाला. दचकू नका, मी काही गुन्हा केला नव्हता. तिथे कैदी हातमागावर सतरंज्या विणत, आणि त्या बाहेर विकायला येत. मला विणणारा माणूस फारसा बोलायचा नाही. पण ठोका असा घट्ट मारायचा की इतकी वर्षं माणसांचं वजन सोसूनही माझी वीण सैल पडलेली नाही. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. त्याचे उपकार मात्र मी मानते.

पेणला आल्यावर मला सांभाळलं ते एलिजाकाकांनी. काका वाचनालयाचे शिपाई. त्यांचं घराणं बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, आणि मुलांचा गोष्टींचा तास नेमका शनिवारी! म्हणून काका शुक्रवारी दुपारीच मला अंथरत. चारी कोपरे ओढत, एक सुरकुती राहू देत नसत, आणि जाताना दारातून मागे वळून म्हणत, "उद्या नीट वाग हां. मी नाय इथे." जसं काही मीच उठून धावणार होते!

ते दिवस मोठे मजेचे होते. मुलं माझ्यावर पालथी पडून गोष्टी ऐकायची. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तर माझ्यावर बसायला जागा मिळायची नाही. कोणी कविता म्हणायचं, कोणी वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं, आणि मागे बसलेले आजोबा हळूच डुलकी काढायचे. उन्हाळ्यात काका मला गच्चीवर ऊन दाखवायचे, काठीने झोडायचे. ते झोडणंही मला लाडाचं वाटायचं.

मग काका निवृत्त झाले आणि मुलाकडे इस्रायलला गेले. त्यानंतर वाचनालयात मंच आला, माइक आला, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं गेलं. मला राग आला असं नाही. खुर्च्यांची म्हाताऱ्या गुडघ्यांना सोय होते, हे मलाही कळतं. पण कोणाच्याही उपयोगी न पडता नुसतं उभं राहणं फार कठीण असतं. एका उंदराने माझ्या काठाची चव घेतली. ती त्याला आवडली नसावी, कारण तो परत आला नाही.

कपाटामागूनच मी मागच्या जानेवारीतला तो प्रसंग ऐकला.

वाचनालयात नमिता नावाच्या नव्या ग्रंथपाल आल्या होत्या. त्यांनी नव्या वर्षाचा वाचन पंधरवडा सुरू केला. शाळेतली मुलं पुस्तकांची अदलाबदल करत, एक दिवस गोष्टी सांगण्याचा असे, आणि शेवटच्या रविवारी साध्या वाचकांनी आपल्या आवडत्या पुस्तकातलं थोडं मोठ्याने वाचायचं असे. त्यात सीताबाईंचं नाव होतं.

सीताबाई जोह्याच्या. जोहे म्हणजे गणपतींचं गाव. घराघरात मूर्तींचे कारखाने. सीताबाई मूर्ती रंगवतात. शाळा चौथीत सुटली, पण वाचनाची गोडी सुटली नाही, आणि दर पंधरा दिवसांनी त्या पेणला येऊन पुस्तक बदलून नेत. त्या दिवशी त्या मंचावर गेल्या. खुर्ची उंच, त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. माइक कर्कश ओरडला. त्यांनी एक ओळ वाचली, दुसऱ्या ओळीवर अडल्या, आणि खुर्च्यांमधून कोणीतरी फिस्सकन हसलं. सीताबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं आणि त्या निघून गेल्या. पुढे कित्येक महिने त्या वाचनालयात आल्याच नाहीत.

यंदा नव्या वर्षाआधी नमिताताई स्वतः जोह्याला गेल्या. परत आल्यावर त्या कोणाला तरी फोनवर सांगत होत्या, ते माझ्या कानावर पडलं. सीताबाई त्यांना म्हणाल्या होत्या, "ताई, खुर्चीवर बसून माझ्याच्यानी नाय व्हायाचा. मी खाली बसून रंगवते, खाली बसूनच वाचेन. आणि हे शेवटचं हां. यंदा नाय जमलं तर परत मला बोलवू नका."

माघी गणपती तोंडावर आले होते, कारखान्यातल्या माणसांना पेणला यायला सवड नव्हती. तेव्हा नमिताताईंनी ठरवलं, पंधरवड्याचा समारोप जोह्यात, सीताबाई रंगवतात त्या कारखान्यातच करायचा. सगळे खाली बसतील. त्यांनी कपाट सरकवलं आणि मला बाहेर ओढलं. मित्रांनो, उजेडाने माझे डोळे दिपले असते, पण मला डोळे नाहीत.

शनिवारी संध्याकाळी मी जोह्याला पोचले. एका रिक्षावाल्याने मला कारखान्याच्या दाराशी, पेंढ्याच्या ढिगावर ठेवलं आणि तो निघून गेला. इथेच घोटाळा झाला. तिथल्या दाराशी पेंढ्यावर जे काही जुनं जाड कापड पडलेलं असतं, ते मूर्ती बांधण्यासाठी असतं. गोधड्या, पोती, चादरी, सगळं त्याच ढिगावर टाकतात. रविवारी सकाळी सीताबाईंचे यजमान काळुराम रोह्याच्या मंडळाची मोठी मूर्ती टेम्पोत चढवत होते. त्यांनी मला उचललं, हाताने चाचपलं आणि म्हणाले, "वा! बेस जाड हाय. पोटाला बांधा." आणि मी गणपतीच्या पोटाला मिठी मारून बसले. मान मोठा होता, पण मला संध्याकाळच्या समारोपाला जोह्यात असायला हवं होतं, आणि ते मी कोणाला सांगणार?

टेम्पोत पुढे चालक जगन आणि त्याच्या शेजारी खुद्द सीताबाई बसल्या होत्या. वाटेत मूर्तीचा कुठे रंग खरवडला तर तो जागच्या जागी लावायला रंगवणाऱ्यांपैकी एकजण बरोबर जातोच. "चारच्या आत परत येऊ ना रे?" त्यांनी जगनला विचारलं. "जेवायला घरी येऊ, काकी," जगन म्हणाला. त्यांच्या पिशवीत रंगाच्या डब्या होत्या, ब्रश होते आणि वाचायचं पुस्तकही होतं.

रोह्याला मांडवात मूर्ती उतरवली, दोऱ्या सोडल्या, आणि मी खाली पडले. सीताबाईंनी माझ्या कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. लगेच फोन लावला. "अवो, वाचनालयाची सतरंजी मूर्तीला बांधलीत काय तुमी? आता तिथं ताई काय अंथरतील?" पलीकडून काळुराम काहीतरी पुटपुटले. मूर्तीच्या एका कानाच्या कडेचा रंग उडाला होता. तेवढं रंगवून, सुकेपर्यंत थांबून त्या निघाल्या. तोवर दुपार कलली होती. मला मागे हौद्यात, उरलेल्या पेंढ्यावर टाकलं होतं.

नागोठणं ओलांडलं आणि गडब गावाशी येऊन गाडी थांबली. रविवारची संध्याकाळ, सुट्टी संपवून मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग दिसेल तिथवर. जगनने टेम्पो एका वड्याच्या टपरीशेजारी कडेला घेतला. सीताबाई उतरल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मागे हौद्यात चढून माझ्यावर येऊन बसल्या. त्यांनी पिशवीतलं पुस्तक काढलं आणि न उघडताच परत ठेवलं.

फोन वाजला. नमिताताई होत्या.

"सीताबाई, कुठवर आलात? सगळे जमलेत."

"गडबला अडकलोय, ताई. गाडी हालत नाय." मग सीताबाई हळूच म्हणाल्या, "तुमी कार्यक्रम उरकून टाका. माझं राहू दे."

हे बोलताना त्यांनी सोडलेला सुस्कारा सुटकेचा होता. मला धस्स झालं. यंदा राहिलं म्हणजे कायमचं राहिलं, हे त्यांनीच तर बजावलं होतं. नमिताताईंनाही ते ठाऊक असणार. तेवढ्यात पलीकडे कोणीतरी फोन ओढून घेतला.

"अगो, मी हाय," काळुराम म्हणाले. "सतरंजी मी बांधली. सकाळी घाईत बघितलं नाय. चूक माझी हाय."

"असू दे वो."

"असू दे काय? ऐक माझं. मी हितं पोत्यावर एकदम पुढं बसलोय. मला वाचता येत नाय, तुला ठाऊक हाय. तू रोज जेवण झालं की पुस्तक घेऊन बसतेस. तुझे ओठ हालतात. मी बघत असतो. गोष्टीत काय झालं, ते विचारायचं मनात येतं, पण लाज वाटते. इतकी वर्षं गेली अशीच. आज मोठ्यानं वाच. फोनवर वाच. मला ऐकायचं हाय."

मागून एक ट्रक हॉर्न मारत होता, टपरीवर तेल चुरचुरत होतं. सीताबाईंनी ब्रशांची पिशवी बाजूला सारली, माझ्यावर नीट मांडी घातली आणि तळहाताने माझी सुरकुती सपाट केली. पुस्तक मांडीवर उघडलं.

"जगन, फोन धर रे."

ती एका मुलीची गोष्ट होती. ती रोज होडीतून खाडीपलीकडच्या शाळेत जाते आणि एक दिवस होडीवाला येत नाही. पहिली ओळ इतकी बारीक आली की जगनने फोन आणखी जवळ नेला. दुसऱ्या ओळीवर सीताबाई अडल्या. माझा श्वास अडकला, म्हणजे मला श्वास असता तर नक्की अडकला असता. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं, मनात जुळवला आणि म्हणून टाकला. कोणी हसलं नाही. तिसऱ्या ओळीला आवाज वर आला. मूर्तीचे डोळे आखताना त्यांचा हात जसा ठाम असतो, तसा हळूहळू आवाज ठाम होत गेला.

टपरीवाली झारा हातात धरून येऊन उभी राहिली. अडकलेल्या एसटीतून दोन बायका उतरल्या, मग आणखी कोणी उतरलं. एक आजी हौद्याला टेकून म्हणाल्या, "जरा मोठ्यानं गो, मागं ऐकायला येत नाय." सीताबाईंनी मान वर न करता आवाज वाढवला. एक बाळ घेतलेली आई सरळ वर चढून माझ्या कडेला बसली. त्या संध्याकाळी माझ्यावर वाचणारी होती, ऐकणारी होती, आणि फोनमध्ये सबंध कारखाना गप्प बसला होता. कृतज्ञता कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

मुलगी होडीत एकटीच बसून वल्हं हातात घेते, इथवर गोष्ट आली आणि पुढच्या गाड्या हलल्या. एसटीचा कंडक्टर ओरडू लागला. जगन म्हणाला, "काकी, रस्ता सुटला. आता नाय निघालो तर परत अडकू."

"अडकू दे," सीताबाई म्हणाल्या. "ती पोर पाण्यात एकटी हाय. आधी तिला पल्याड जाऊ दे."

आणि फोनमधून काळुराम ओरडले, "जगन्या, चावीला हात लावशील तर बघ!"

आम्ही जोह्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. काळुराम रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांनी मला स्वतः उतरवून घेतलं, झटकलं, आणि सगळ्यांच्या देखत बायकोला विचारलं, "मग? शाळेत पोचल्यावर बाई तिला ओरडल्या काय?"

आता दर रविवारी कारखान्यात वाचन असतं. नमिताताईंनी मला तिथेच ठेवलं आहे. माझ्या काठाला कुठेतरी सोनेरी रंग लागला आहे, चुन्याचे हात उमटले आहेत. मला त्याचं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला जपायचं असेल तर ऊन दाखवा, झटका, फाटलं तर शिवा. पण जपण्यासाठी म्हणून गुंडाळून मात्र ठेवू नका. या नव्या वर्षात एवढंच करा. तुमच्या घरी कोणी एकटंच मनातल्या मनात वाचत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, पुढं काय झालं? ते माणूस कदाचित तुमच्या विचारण्याचीच वाट बघत असेल.