दोन काळ्या वायरी

तसबिरीच्या चौकटीच्या कोपऱ्यात फट राहिली की सासरे एकच वाक्य बोलायचे, "यातून उंदीर जाईल." आज सकाळपासून चार उंदीर गेले होते. म्हणजे कापायच्या मशीनचा कोन ढळला होता. सासऱ्यांचे हात आताशा थरथरत, त्यामुळे तो सरळ करायचं काम सुनेच्या गळ्यात आलं.

"बाबा, कारागीर बोलावू या ना."

"कारागीर समोर उभी आहे. फक्त मशीनपासून चार पावलं लांब."

लांब होतीच. ते गोल पातं जाड लाकडी पट्टी काकडीसारखी चिरताना तिने तीन वर्षं पाहिलं होतं. आज त्याच्या दातांशेजारी बोटं न्यायची होती आणि दहाच्या दहा परत आणायची होती.

तिने बोर्डातला प्लग उपसला.

"आता डावा हात पाठीमागे. उजव्याने बटण दाब," सासरे स्टुलावरून म्हणाले.

"प्लग काढलाय की. मेलेल्याला पुन्हा मारायचं?"

"मेलाय का ते बघायचं."

म्हाताऱ्याचं मन राखायला तिने डावा हात कमरेमागे नेला आणि बटण दाबलं.

पातं किंचाळलं.

तिने बटण सोडलं, तरी ते कितीतरी वेळ फिरत राहिलं. डावा हात जागेवर आहे ना, हे तिने उजव्याने चाचपून पाहिलं.

बोर्डात दोन प्लग होते. तिने काढलेला भुसा ओढणाऱ्या यंत्राचा होता.

सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "दोन्ही वायरी गेल्या महिन्यात मीच बदलल्या. एकाच गुंडाळीतल्या."

"आणि बटण दाबायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"चाळीस वर्षं प्लग काढला की दाबतोय. कधी वाजलं नव्हतं."

मग तिने मशीनपासून वायर मुठीत धरून बोर्डापर्यंत नेली, दुसरा प्लग काढून खिशात ठेवला आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही.

भीती मात्र गेली नाही. तिने काटकोन तपासायचा गुण्या मशीनच्या मागच्या, लाकूड टेकवायच्या पट्टीला टेकवून, दोन दातांच्या मधून, पात्याला लावला. मध्ये केसाएवढा उजेड दिसत होता. पट्टीचे स्क्रू सैल करून तिने ती अंगठ्याने रेटली. उजेड बारीक झाला, मग मिटला. स्क्रू आवळताना पट्टी सरकते, म्हणून आवळून पुन्हा पाहिलं. दर वेळी बोटं दातांजवळ गेली की दुसऱ्या हाताने खिशातला प्लग दाबून बघायची.

प्लग परत लावायच्या आधी तिने आपल्या केसांतली लाल रिबन सोडून मशीनच्या वायरीला बांधली. नवी लाकडी पट्टी हाताने न धरता शिकंज्यात आवळली, डावा हात कमरेमागे नेऊन कापली, मग चार तुकडे जोडले.

सासऱ्यांनी कोपरा उजेडात धरला. "मुंगीसुद्धा जायची नाही. बघ तरी."

तिने पाहिलं नाही. पातं केव्हाच थांबलं होतं, तरी तिचा डावा हात पुन्हा कमरेमागे गेला होता.