ओमा वेलमिन्सा खाली उतरते

एलिफासने खाडीतल्या सगळ्यात भांडकुदळ माशाला सासूचं नाव ठेवलं, त्यात त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. केशरी अंग, पांढरे पट्टे, लांबी वीतभरही नाही. पण ती राहायची त्या समुद्रफुलाजवळ कुणी नुसतं फिरकलं तरी ही मादी अंगावर धावून यायची. बुडी मारायला आलेल्या पाहुण्यांच्या पाठीवर हवेच्या टाक्या चढवताना तो त्यांना सांगायचा, "ही आमची ओमा वेलमिन्सा, म्हणजे वेलमिन्सा आजी. हिने एकदा शार्कला माफी मागायला लावली." पाहुणे खूश. सहा वर्षं सुखात गेली, कारण खऱ्या ओमाला, म्हणजे सासूबाईंना, गोऱ्या पाहुण्यांची भाषा येत नव्हती.

मग जकार्ताची, ओमाचीच भाषा बोलणारी एक बाई आली. पाण्यातून निघाली ती थेट ओमाच्या अंगणात, वाळत घातलेल्या लवंगांपाशी.

"ओमा, आत्ताच तुम्हाला खाली भेटून आले! किती चावता हो तुम्ही!"

ओमाने तिच्याकडून सगळं काढून घेतलं आणि जावयाला हाक मारली.

"उद्या मला खाली ने. माझी शोभा झालेली दिसली, तर तुझी गादी होडीत."

घरजावयाला दुसरं घर कुठलं? एलिफासने रात्रीचं जेवणसुद्धा उभ्यानेच उरकलं.

सकाळी ओमा चर्चचा पांढरा ब्लाउज घालून हजर. त्यावर टाकी. पाणी तळ्यासारखं निवांत, पोपटी माशांचे थवेच्या थवे. एलिफासने हळूच डावीकडे वळून एक निळा-पिवळा, संथ, खानदानी मासा दाखवला. ओमाने बोट हलवलं: हा नव्हे. चाळीस वर्षं दम कोंडून याच खडकांत तिने माकुळ धरलेले. ती सरळ समुद्रफुलावर गेली.

मादी सुसाट आली. सवयीने आधी एलिफासचा कान चावला, मग ओमाकडे वळली. ओमाने पाणचष्म्याची काच तिच्या तोंडाला भिडवली आणि डोळे वटारले. याच नजरेने पाद्रीबाबांचं प्रवचन दोनदा अर्ध्यावर आटोपलं होतं. मादी मागे सरली. आणखी सरली. समुद्रफुलात अशी घुसली की समुद्रफूलही मिटलं.

वर आल्यावर ओमाने होडीत बसून ब्लाउजची बाही पिळली. एलिफास मनातल्या मनात गादी गुंडाळू लागला.

"हिला माझं नाव?" ओमा कडाडली. "नजरेला नजर देता येत नाही मेलीला! गावात माझी काही किंमत आहे की नाही?"

"चुकलं, ओमा."

"येताना कपारीत ती ठिपक्यांची वाम बघितली? मांडीएवढी जाड. तोंड क्षणभर मिटलं नाही तिचं. तिला दे माझं नाव."

"दिलं, ओमा. आजपासून."

"आणि तिच्या जबड्यात शिरून दात कोरत होता, तो झिंगा कोण?"

"तो... मी?"

"शहाणा आहेस. राहतो कुठे तो?"

"तिच्याच कपारीत, ओमा."

"मग वल्हव लवकर. केळी भाजायची आहेत."