जज मॅडमनी न प्यायलेलं पाणी

वैशाखरे गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. झरा एकच, आणि त्याच्या वाटेवर मुंबईच्या शेठनं तारेचं कुंपण घातलं. फार्महाऊसमधून उघड्या पायांच्या बायका दिसू नयेत म्हणून, दुसरं काय! बायका वळसा घालून तासभर चालायला लागल्या. शेठ म्हणाला, इथं वाट नव्हतीच. आमच्या पायांनी दगड झिजलेत, पण कागद कुठाय? मग माझी आय, तानी, मुरबाडच्या कोर्टात गेली.

दोन वर्षं तारखाच. शेवटी जज मॅडम म्हणाल्या, जागा मी स्वतः बघणार.

एप्रिलच्या भर दुपारी त्या चढून आल्या. सोबत दोन्हीकडचे वकील आणि शेठचा मॅनेजर रितेश. वळशाची वाट त्या घड्याळ बघत पायी चालल्या. झिजलेल्या दगडावरून हात फिरवला. झऱ्याशी वाकल्या, पण पाण्यात बोट बुडवलं नाही.

आयनं सकाळीच पितळेचा तांब्या चिंचेनं घासून ठेवला होता. तो तिनं दोन्ही हातांनी पुढं केला.

"घे गो बाय. दमलीस."

"नको, आजी." मॅडमनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली आणि तळातले दोन घोट प्यायल्या.

आयचे हात तसेच पुढं राहिले. ती लहान असताना गावात तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"शिकली तरी तसलीच," मी म्हणालो. "हिच्याकडून न्याय? थुंकतो मी."

"केस गेली तर जाऊ दे रे चंदर," आय म्हणाली. "मला वाटलं, येवढं चढून आली, मानूस म्हनून आली असंल."

जूनमध्ये निकाल लागला. वाट पूर्वापार आहे, कुंपणाला फाटक ठेवा. शेठनं अपील केलं, पण फाटक बसवावंच लागलं. वाडी नाचली. आय नाही. फाटकातून पाणी आणायची, पण मॅडमचं नाव निघालं की म्हणायची, "वाटंला न्याय दिला तिनं. मला नाय."

पुढच्या मे महिन्यात मॅडमची बदली घाटापलीकडं झाली. सामानाचा टेम्पो पुढं गेला, त्यांची गाडी आमच्या फाट्यावर थांबली आणि त्या एकट्याच वर आल्या.

मी दारात आडवा उभा राहिलो. "आता काय बघायचं राहिलंय?"

"काल चार्ज सोडला. आता इथली कुठलीच केस माझ्याकडं नाही." त्या उंबऱ्यावर बसल्या. "आजी, पाणी द्याल?"

आय जागची हलली नाही. "तुझी बाटली कुठंय गो?"

"त्या दिवशी तुमचं पाणी घेतलं असतं, तर शेठच्या वकिलानं लगेच जज बदला असा अर्ज टाकला असता. जज तानीची पाहुणी झाली म्हणून. रितेशचं सरबतही मी परत पाठवलं होतं."

"शेठचं पन नाय?"

"कुणाचंच नाही. चौदा वर्षं झाली. बदली होईल त्या गावात कुणाकडं चहा नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. मुरबाडात तीन वर्षं काढली, जेवलीस का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं."

"मग तेव्हा तोंडानं सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "वर्षभर तो तांब्या डोळ्यांपुढून हलला नाही."

मग आयनं तांब्या उचलला, पण मडक्याकडं गेली नाही.

"मडक्यातलं शिळं हाय. चल, झऱ्यावर."

फाटकाशी शेठचा वॉचमन उठून उभा राहिला. आयनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. झिजलेल्या दगडावर मॅडमचा पाय घसरला, तसं आयनं त्यांचं मनगट धरलं, ते झरा येईपर्यंत सोडलं नाही.

मॅडमनी तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या, पदर भिजला तरी थांबल्या नाहीत.

"सावकाश गो, झरा कुठं पळतोय?" आय म्हणाली.

मग तोच तांब्या, न विसळता, तिनं पुन्हा भरला आणि स्वतःच्या तोंडाला लावला.